कावेरीकाठच्या बागा

म्हैसूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजवाड्यावरची रोषणाई उभी राहते. दसऱ्याची सोन्याची अंबारी, चंदनाचा सुवास, रेशमी वस्त्रे आणि तोंडात विरघळणारा म्हैसूरपाक यांची आठवण होते. प्रवासी चामुंडीचा डोंगर चढतो, वृंदावनातील कारंजी पाहतो आणि परततो. परंतु भल्या सकाळी या नगरीतील देवराज मंडईत जो जाईल त्याला दुसरेच एक म्हैसूर भेटते. तेथे मोगऱ्याच्या माळा हाताने मोजून दिल्या जातात, विड्याच्या पानांच्या चवडी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि केळ्यांच्या गल्लीत नाना जातींचे घड टांगलेले असतात. ही मंडई कोणा एका राजाने उभारलेली वास्तू असली तरी तिच्यात येणारा माल मात्र तीनशे-चारशे वर्षांच्या एका दीर्घ खटाटोपाचे फळ आहे. हा खटाटोप राजांनी केला, सुलतानांनी केला, परदेशी वनस्पतिज्ञांनी केला आणि ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत अशा माळ्यांनी व शेतकऱ्यांनी केला. म्हैसूर प्रांताचा इतिहास लढायांतून वाचण्याची आपल्याला सवय आहे. तोच इतिहास बागांतून वाचला तर काय दिसते, हे पाहण्यासारखे आहे.

या प्रांताला निसर्गाने जे दिले ते प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पूर्वघाट आणि पश्चिमघाट जेथे एकमेकांच्या जवळ येतात, त्या कोनात हे पठार वसलेले आहे. म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. येथे उत्तर हिंदुस्थानातील हिमवाऱ्याची थंडी नाही आणि विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याची होरपळही नाही. नैर्ऋत्येकडील पाऊस आपला हात आखडता घेऊ लागला की ईशान्येकडील पाऊस पुढे येतो. जमीन तांबडी, निचऱ्याची. पाऊस बेताचा; परंतु कूर्गच्या डोंगरात उगम पावणारी कावेरी व तिला मिळणारी कपिला या नद्या ती उणीव भरून काढतात. सतराव्या शतकात चिक्क देवराज वोडेयर याने कावेरीतून काढलेला कालवा त्याच्याच नावाने आजही ओळखला जातो. नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून पाणी उताराने शेतात खेळवायचे, ही येथील जुनी विद्या होय.

दक्षिणेतील फळबागांची परंपरा याहूनही जुनी आहे. चौदाव्या शतकात आलेला इब्न बतूता हा मूर प्रवासी दौलताबादच्या द्राक्षांची व डाळिंबांची वाखाणणी करतो. पुढे १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेला दोमिंगो पाएश हा पोर्तुगीज तेथील बाजारात द्राक्षे, डाळिंबे, संत्री व लिंबे किती स्वस्त मिळतात याचे मोठ्या नवलाने वर्णन करतो. म्हणजे गोदावरीपासून तुंगभद्रेपर्यंत द्राक्षवेल तेव्हाही फुलत होता. मात्र या द्राक्षांची मदिरा करण्याचा व्यवसाय दक्षिणेत रुजल्याचे दिसत नाही. कौटिल्याला द्राक्षरसाची मदिरा ठाऊक होती. परंतु ती त्याच्या लेखी वायव्य प्रांतातील वस्तू होती. तेर, नेवासे, कोल्हापूर येथील उत्खननांत रोमन बनावटीच्या निमुळत्या कुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनमधील श्रीमंत समुद्रापलीकडची मदिरा विकत घेत असत. येथल्या सामान्य माणसाचे पेय म्हणजे ताडी-माडी आणि द्राक्षाचा उपयोग म्हणजे ताजे फळ, मनुका आणि वैद्याच्या घरचे द्राक्षासव. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील कथेचा एक धागा नीट हाती येतो.

बंगळूर व म्हैसूर हा मुलूख मराठ्यांना परका नव्हता. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचा दरबार तेथेच भरत असे. हैदर अलीच्या काळापर्यंत म्हैसूरच्या दप्तरातील हिशेब कानडीबरोबर मराठीतही ठेवले जात. पुढे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत मराठी फौजा वारंवार कावेरीपर्यंत धडकल्या. १७७१ च्या मार्चमध्ये मेलुकोटेजवळ चिनकुरळीच्या लढाईत त्र्यंबकराव पेठे यांनी हैदराचा दणदणीत पराभव केला, तो याच मुलखात. हैदराला मराठ्यांचा धाक होता. तथापि लढाया चालू असतानाच त्याने आणखी एक उद्योग आरंभलेला होता, आणि त्याचा बखरकारांनी फारसा विचार केलेला नाही.

शिरे हे मोगलांच्या सुभ्याचे ठाणे. तेथील मोगली पद्धतीची बाग हैदराच्या मनात भरली, आणि १७६० मध्ये त्याने बंगळुरास लालबाग घातली, अशी परंपरा आहे. चौकोनी वाफे, त्यांच्या कडेने सरूच्या झाडांच्या रांगा, मधून पाण्याचे पाट, एका वाफ्यात गुलाब तर दुसऱ्यात डाळिंबे, असा तिचा थाट होता. टिपूने बापाचा हा छंद पुढे चालवला. मुलतान, लाहोर, दिल्ली, अर्काट येथून आणि समुद्रापलीकडे मॉरिशस बेटातून त्याने झाडे व बियाणे मागवले. १७८८ मध्ये त्याचे वकील फ्रान्सच्या सोळाव्या लुईला भेटले. त्यांनी कारागिरांबरोबर फळाफुलांची बी-रोपे आणि माळीही मागितले. ज्या दरबारात तोफा ओतणाऱ्यांची चणचण होती तेथे माळ्यांचीही मागणी व्हावी, ही गोष्ट टिपूच्या स्वभावाचा एक निराळा पैलू दाखवते.

श्रीरंगपट्टण हे कावेरीच्या दोन प्रवाहांमधले बेट. पश्चिमेच्या टोकाला किल्ला, मधोमध दर्या दौलत बाग, आणि पूर्वेच्या टोकाला गंजाम ही पेठ व तिच्या लगतची दुसरी लालबाग. १७८४ मध्ये टिपूने दर्या दौलत बागेतील सागवानी महाल बांधला आणि त्याच सुमारास लालबागेत बापाची कबर, म्हणजे आजचा गुंबज, उभारला. या गंजामच्या आसमंतात अंजिराचे मळे होते. गंजामचे अंजीर ही जात पुढे दीडशे वर्षे हिंदुस्थानातील नामांकित जातींत गणली गेली. पुण्याच्या अंजिराच्या जोडीने तिचे नाव फळबागांच्या ग्रंथांत येते. पुरंदरच्या पायथ्याचे अंजीर ज्याने खाल्ले आहे त्याला या तुलनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

या बागांवर घाला आला तो तिसऱ्या म्हैसूर युद्धात. इंग्रज, निजाम आणि पेशवे या तिघांनी टिपूविरुद्ध एकजूट केली. १७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचला खरा. परंतु पावसाळा तोंडावर आला होता, दाणावैरण संपली होती आणि बैल मरून पडत होते. त्याला आपल्या वेढ्याच्या तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी करून मागे फिरावे लागले. त्या माघारीच्या वाटेवर त्याला अकस्मात मराठी स्वार भेटले. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन ठेपली होती. त्या छावणीच्या बाजारात धान्यापासून शालजोडीपर्यंत हवे ते मिळत होते, आणि चढ्या दराने का होईना, उपाशी इंग्रजी फौजेच्या पोटात त्यामुळेच अन्न पडले. मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातील जी पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रसिद्ध केली, त्यांतून या मोहिमेचे बारकावे आपल्यापर्यंत आले आहेत. मराठी बाजाराने त्या दिवशी जे केले त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसला.

१७९२ च्या ६ फेब्रुवारीच्या रात्री कॉर्नवॉलिसने बेटावर हल्ला चढवला. पूर्वेकडील भाग, गंजामची पेठ आणि लालबाग इंग्रजांच्या हाती आली. किल्ला घ्यावयाचा तर मोर्चे बांधले पाहिजेत. मोर्चे बांधावयाचे तर मातीने भरण्याच्या करंड्या आणि खंदकात टाकण्याचे काटक्यांचे भारे पाहिजेत. आणि त्यासाठी लाकूड पाहिजे. ते लाकूड लालबागेत आयते उभे होते. शिपायांनी सरूच्या रांगाच्या रांगा तोडल्या. बागेतील महालात जखमींचे रुग्णालय थाटण्यात आले. किल्ल्याच्या तटावरून टिपूला आपल्या बागेतली झाडे आडवी होताना दिसत असतील. पुढे तहाचे बोलणे सुरू झाले आणि १८ मार्चच्या सुमारास तह झाला. निम्मे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि ओलीस म्हणून दोन मुलगे, असा त्याचा जबर दंड होता. पेशव्यांच्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आला. हरिपंत त्या वाटाघाटींत होते. परशुरामभाऊ बेदनूरच्या बाजूने येऊन पोहोचले तेव्हा लढाई थांबलेली होती. त्या तहाच्या कलमांची चर्चा मराठी इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. तोडलेल्या बागेचा उल्लेख मात्र कोणत्याही कलमात नाही, आणि तसा तो असणेही शक्य नव्हते. राज्य परत मिळवता येते, खंडणी फेडता येते. मोठे झालेले झाड मात्र तेवढीच वर्षे घेतल्यावाचून पुन्हा उभे राहत नाही.

टिपूच्या बागांविषयी आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्याच्या बागेत द्राक्षवेल होते. पण राज्यात दारूबंदी होती. ज्या फ्रेंच लोकांशी त्याने मैत्री केली त्यांच्या देशात द्राक्ष म्हणजे मदिरा. टिपूच्या लेखी द्राक्ष म्हणजे केवळ फळ. १७९९ मध्ये टिपू पडला. त्यानंतर, १८०० मध्ये, गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या हुकमाने फ्रान्सिस बुकानन हा वैद्य व वनस्पतिज्ञ या मुलखाची पाहणी करीत फिरला. त्याचा प्रवासवृत्तांत १८०७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळूरच्या बागेत द्राक्ष व सरू जोमाने वाढतात, सफरचंद, नासपती व पीच यांना फळे धरतात, स्ट्रॉबेरीही होते, आणि केप ऑफ गुड होपहून आणलेली ओक व पाइनची झाडे तग धरून आहेत, असे तो नोंदवतो. जेत्यांच्या माणसाने जितांच्या बागेला दिलेले हे प्रशस्तिपत्र होय. श्रीरंगपट्टणची बाग गेली. बंगळूरची राहिली, आणि पुढचा इतिहास तिच्याभोवती घडला.

१८५६ मध्ये लालबाग ही सरकारी उद्यान झाली. १८७४ पासून १९०८ पर्यंत तिची व्यवस्था जॉन कॅमेरॉनकडे होती. त्याने परदेशांतून कित्येक भाज्या व फळे आणवून येथील मातीत त्यांची परीक्षा घेतली. छावणीतील गोऱ्या कुटुंबांना आपल्या देशची फळे हवी होती, हे त्यामागचे एक कारण. पण बागेच्या भिंतीआड रुजलेली रोपे हळूहळू भोवतालच्या शेतकऱ्यांच्या मळ्यांत उतरली. एकोणिसाव्या शतकातच बंगळूर निळे या नावाची द्राक्षे या पठारावर रुजली. फळ काळसर निळे, साल जाड व चटकन सुटणारी, आत बी, आणि वास असा उग्र-गोड की एकदा हुंगल्यावर विसरू नये. ही जात अमेरिकन वेलाच्या रक्ताची असल्यामुळे रोगांना सहजी दबत नाही. नाशिक-सांगलीकडे वेलाची एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी करून वर्षाला एकच पीक घेतात. बंगळूरच्या सौम्य हवेत ही जात वर्षाकाठी दोन पिके देते. युरोपात हिवाळ्यामुळे वेलाला झोप येते. आपल्याकडे ती झोप माळ्याच्या कात्रीने आणावी लागते, एवढाच काय तो भेद.

कॅमेरॉननंतर आला गुस्ताव क्रुंबिगल. हा जर्मन उद्यानशास्त्रज्ञ लंडनच्या क्यू उद्यानात तयार झाला आणि हिंदुस्थानात प्रथम आला तो बडोद्यास, सयाजीराव गायकवाडांच्या पदरी. बडोद्याच्या बागांवर हात बसल्यावर तो म्हैसूर संस्थानात गेला, आणि १९०८ पासून १९३२ पर्यंत त्याने तेथील उद्यानांचा कारभार पाहिला. मराठी संस्थानिकाने पारखलेला माणूस कानडी संस्थानिकाने मोठ्या कामाला लावला. नाल्वडी कृष्णराज वोडेयर हे तेव्हा गादीवर होते, आणि विश्वेश्वरय्यांसारखा दिवाण त्यांना लाभला. ज्या संस्थानात धरण, पोलाद, साबण आणि विद्यापीठ यांचा एकाच वेळी विचार होत होता, तेथे फळझाडांचा विचार झाला नसता तरच नवल.

याच काळात लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने म्हैसूरच्या शेतीखात्यात एक काम केले, त्याचा संबंध थेट फ्रान्समधील द्राक्षमळ्यांशी पोहोचतो. मलनाडच्या पावसाळी भागात सुपारीला कोळेरोग पडतो. कोकणातील बागाईतदारही त्याला याच नावाने ओळखतात. फळे कुजून गळतात आणि एका पावसात वर्षाची कमाई मातीत जाते. शेतकरी गवताच्या टोप्या विणून प्रत्येक घडावर बांधीत असत; ते काम कष्टाचे, खर्चाचे आणि उंच झाडावर जिवावर बेतणारे. आता फ्रान्समधील गोष्ट पाहा. बोर्डो प्रांतात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडण्याची रीत होती. भुरीसारख्या एका रोगाने सारे मळे झोडपले तेव्हा नेमके हे रस्त्याकडचेच वेल हिरवे राहिलेले मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, आणि १८८५ मध्ये त्याने बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवले. कोलमनने तेच मिश्रण मलनाडच्या सुपारीवर शिंपडून दाखवले आणि कोळेरोगाला लगाम बसला. फ्रान्समधील मदिरेचे रक्षण करण्यास निघालेली युक्ती हिंदुस्थानातील विड्याच्या उपयोगी पडली. आज नाशिकचा द्राक्षबागाईतदार 'बोर्डो मारला' असे सहज म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी नकळत त्या फ्रेंच प्रांताचेच नाव असते.

कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ते पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी दिवाण मिर्झा इस्माइल यांनी वृंदावन उद्यान उठवले. त्याची मांडणी पायऱ्यापायऱ्यांची, शालिमारची आठवण करून देणारी. हैदराच्या मनातील मोगली बाग दीडशे वर्षांनी पुन्हा कावेरीच्या काठी आली, ती अशी. परंतु धरणाचे खरे उद्यान कारंज्यांपाशी नाही. ते खाली, मंड्य जिल्ह्यात, कालव्यांच्या काठी पसरलेले आहे. तेथील कोरडवाहू नाचणीच्या शेतांत ऊस उभा राहिला, भात आला, केळी आली. राजाच्या बागेतील पाटाचे पाणी प्रथमच सामान्य कुणब्याच्या बांधापर्यंत गेले.

तरीही पिकवणे ही अर्धीच गोष्ट. फळ नाशवंत आहे. धान्य कणगीत भरून ठेवता येते. द्राक्षे, अंजीर किंवा केळी भाव वाढेपर्यंत थांबत नाहीत. म्हणून अडत्यासमोर बसलेला फळवाला शेतकरी धान्यवाल्यापेक्षा अधिक अगतिक असतो. ही अगतिकता ओळखणारे दोन उपाय स्वातंत्र्यानंतर या प्रदेशात झाले, आणि दोन्ही उल्लेखनीय आहेत.

पहिला सहकाराचा. म्हैसूर जिल्ह्यात जन्मलेले आणि हार्वर्ड विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट घेतलेले एम. एच. मरिगौडा हे लालबागेचे प्रमुख झाले आणि पुढे राज्याचे उद्यानसंचालक. त्यांच्या प्रेरणेने १९५९ मध्ये बंगळूर परिसरातील द्राक्ष बागाईतदारांची सहकारी विक्री संस्था उभी राहिली. मधल्या दलालास वगळून शेतकऱ्याचा माल शहराच्या रस्त्यावरील दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकावयाचा, हा तिचा साधा विचार. द्राक्षांसाठी निघालेली ही संस्था पुढे सर्व फळे-भाज्या विकू लागली आणि 'हॉपकॉम्स' या नावाने घरोघर माहीत झाली. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा सहकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही धडपड ओळखीची वाटेल.

दुसरा उपाय शास्त्राचा. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये म्हैसूरच्या चेलुवांबा महालात केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. राजकन्येसाठी बांधलेल्या या वाड्यात डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञ आले. पिकलेल्या फळाचे आयुष्य कसे वाढवावे, आंब्याचा रस डब्यात कसा टिकवावा, फळाला मेणाचा पातळ लेप देऊन ते कोमेजू नये असे कसे करावे, म्हशीच्या दुधापासून बाळांचे अन्न कसे करावे, अशा घरगुती वाटणाऱ्या पण देशाच्या पोटाशी भिडलेल्या प्रश्नांवर तेथे काम झाले. ज्या महालातून पूर्वी बागेकडे पाहिले जाई, त्याच महालात बागेतून आलेल्या फळाचा विचार होऊ लागला.

असे असूनही या प्रदेशातील काही फळे हातची गेली वा जाण्याच्या बेतात आली, हे सांगितल्यावाचून ही कथा खरी होणार नाही. म्हैसूरच्या दक्षिणेस पंचवीस किलोमीटरांच्या आत कपिलेच्या काठी नंजनगूड आहे. तेथील नंजुंडेश्वराला हैदर-टिपूंच्या घराण्यातही मान होता. राजहत्तीचे डोळे त्याच्या कृपेने बरे झाले म्हणून या देवाला 'हकीम नंजुंड' म्हटले गेले, अशी आख्यायिका आहे. याच गावच्या परिसरात, विशेषतः देवरसनहळ्ळीच्या काळ्या क्षारयुक्त जमिनीत, रसबाळे नावाचे केळे होते. साल पातळ, गर घट्ट, आणि गोडीला अशी एक सुगंधी छटा की नंजनगूडबाहेरच्या मातीत ती उतरत नाही, असे तेथील लोक सांगतात. या केळ्याला मर रोगाने गाठले. पनामा या मध्य अमेरिकेतील देशाच्या नावाने हा रोग जगात ओळखला जातो. त्याची बुरशी मातीत दडून राहते, मुळांतून आत शिरते, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. पाने पिवळी पडून खोडाभोवती लोंबू लागतात. पीक काढून टाकले तरी बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. याच रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य अमेरिकेतील निर्यातीचे सर्वांत मोठे केळे धुळीस मिळवले आणि तेथील मोठ्या कंपन्यांना दुसरी जात लावावी लागली. कंपनीला जात बदलता येते. देवाच्या नैवेद्याचे केळे बदलणे इतके सोपे नाही. रसबाळ्याला भौगोलिक ओळखीची सरकारी नोंद मिळाली, उतिसंवर्धनाने निरोगी रोपे करण्याचे यत्नही झाले. तथापि या केळीखालील जमीन पूर्वीच्या मानाने फारच थोडी उरली आहे.

कूर्गच्या संत्र्याची कहाणीही अशीच. कॉफीच्या मळ्यांत सावलीला संत्र्याची झाडे असत आणि कॉफीबरोबर संत्र्याचेही उत्पन्न येई. एका किडीने पसरणारा रोग आणि कॉफीकडे वळलेले लक्ष या दोहोंच्या कात्रीत ती झाडे सापडली. गंजामच्या अंजिराची गोष्ट तर आता बहुतांशी पुस्तकांत वाचावी लागते. तोफांनी तोडलेली बाग दिसते, तिच्याबद्दल हळहळ वाटते. बुरशीने, बाजाराने आणि दुर्लक्षाने नाहीशी होणारी बाग मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता त्या द्राक्षवेलाच्या धाग्याकडे पुन्हा वळावयाचे. टिपूच्या बागेत जो वेल केवळ फळ देत होता, तो दोनशे वर्षांनी याच पठारावर मदिरा देऊ लागला. बंगळूरच्या उत्तरेस नंदी डोंगराच्या पायथ्याशी १९९० नंतरच्या दशकात फ्रेंच जातींचे द्राक्षमळे बहरले आणि १९९२ च्या सुमारास तेथील वाइन बाजारात आली. महाराष्ट्रात त्याआधीच नारायणगावला आणि नंतर नाशिकला हा उद्योग वाढला. महाराष्ट्राने २००१ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाइन यांचे स्वतंत्र धोरण आखले. कर्नाटकाच्या धोरणात कृष्णा, नंदी आणि कावेरी अशी खोऱ्यांच्या नावांनी या उद्योगाची क्षेत्रे ठरली. म्हैसूरहून बंगळूरकडे निघालेला प्रवासी श्रीरंगपट्टण, मंड्य, मद्दूर ओलांडून लाकडी खेळण्यांच्या चन्नपट्टणापाशी येतो, तेव्हा रस्त्यालगत त्याला आता वाइनचा कारखानाही पाहावयास मिळतो.

खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे व बिनबियांचे असावे लागते. मदिरेचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बी असलेले आणि साखरेने गच्च भरलेले. युरोपात त्याची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, येथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तांबड्या वाइनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात. उंचावरच्या गार रात्रींमुळे फळातील आंबटपणा टिकतो, आणि म्हणूनच नंदीच्या पायथ्याची निवड झाली.

त्याच नंदी डोंगरावर १९२७ मध्ये महात्मा गांधी आजारातून उठल्यावर विश्रांतीसाठी राहिले होते. दारूबंदीसाठी ज्यांनी आयुष्यभर आग्रह धरला, ज्यांच्या विचारांचे प्रतिबिंब आपल्या संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात पडले, त्यांच्या त्या विश्रांतिस्थानाच्या पायथ्याशी आज मदिरेचे मळे आहेत. यात केवळ विसंगती पाहून थांबणे योग्य नव्हे. एका बाजूला नाशवंत मालाच्या ओझ्याखाली दबलेला बागाईतदार आहे; त्याला पडत्या भावाच्या दिवसांत फळ टिकवणारा प्रत्येक मार्ग हवा असतो. दुसऱ्या बाजूला खेड्यातील ती स्त्री आहे, जिचे घर दारूने उद्ध्वस्त झालेले आहे आणि जिला द्राक्षाची मदिरा व उसाची दारू यांतला सूक्ष्म भेद समजावून सांगण्यात काही अर्थ नाही. टिपूपुढे हा प्रश्न होता तेव्हा त्याने एका हुकमाने तो सोडवला. लोकशाहीला तो इतक्या सहज सोडवता येत नाही. देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी बहुतेक सारी आजही ताजी खाल्ली जातात किंवा त्यांचे बेदाणे होतात. मदिरेकडे त्यांचा अगदी थोडा भाग जातो, हेही विसरता कामा नये. शेतकऱ्याच्या फळाला न्याय मिळवून देण्याचे ओझे एकट्या वाइनच्या पिंपावर टाकता येणार नाही. ते सहकारी दुकानाने, शीतगृहाने, रसाच्या डब्याने आणि प्रयोगशाळेनेही उचलावे लागेल.

आज श्रीरंगपट्टणच्या पूर्व टोकाला गुंबजापाशी जो उभा राहतो त्याला नीटनेटकी हिरवळ दिसते. १७९२ च्या फेब्रुवारीत येथे कुऱ्हाडी चालल्या होत्या, आणि थोड्याच अंतरावर तीन दरबारांचे वकील मुलखाचे वाटे ठरवीत होते, हे तेथील शांततेवरून ओळखू येत नाही. ते तीनही दरबार आणि ज्याचे राज्य वाटले गेले तो चौथाही इतिहासजमा झाला. पेशव्यांना मिळालेला मुलूख पुरती तीस वर्षेही त्यांच्याकडे राहिला नाही. परंतु हैदराने लावलेल्या लालबागेतून निघालेली रोपे, क्रुंबिगलने जोपासलेली कलमे, कोलमनने शिकवलेले निळे पाणी आणि चिक्क देवराजाचा कालवा ही मात्र टिकली, कारण ती शेतकऱ्याच्या हाती गेली होती. राजाच्या हाती राहिलेली बाग राजाबरोबर गेली. जी कुणब्याच्या बांधापर्यंत पोहोचली ती उरली. देवराज मंडईत सकाळी केळ्यांचे घड टांगणाऱ्या माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या घडांत रसबाळे कधी दिसेल आणि किती दिवस दिसेल, याची काळजी मात्र त्याच्याइतकीच आपणही वाहिली पाहिजे.